गॅरेजात सोडलेली गाडी पावसात खराब झाली: भरपाई कोणी द्यायची?

नळस्टॉप

पाऊस लागला की पुण्यात हा वाद ठरलेला. गाडी दुरुस्तीला सोडलेली असते, मधेच दोन दिवस धो धो पडतो. गाडीवर झाड पडतं, नाहीतर आत पाणी शिरतं, आणि गॅरेजवाला हात वर करतो: "निसर्गापुढे आपलं काय चालतं?" भिंतीवर पाटी असतेच, 'गाड्या मालकाच्या जबाबदारीवर'. मग गाडीवाला मुकाट्याने विमा कंपनीचा नंबर फिरवतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. गाडी तुमच्या ताब्यात होती ना, मग सगळं तुम्हीच भरा.

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. गाडी दुरुस्तीला दिली की भारतीय करार कायदा, १८७२ नुसार तो निक्षेप होतो, म्हणजे कामापुरती वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं, काम झालं की ती परत (कलम १४८). गॅरेजने काळजी किती घ्यायची हे कलम १५१ सांगतं: साधारण समजूतदार माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी. तेवढी घेतली असेल तर वेगळा करार नसताना नुकसान गॅरेजच्या माथी येत नाही (कलम १५२). म्हणजे गॅरेज ही काही विमा कंपनी नव्हे, पण नुसतं 'पाऊस होता' म्हणूनही सुटका नाही.

खरा प्रश्न असा की हा पाऊस अंदाजात येण्यासारखा होता का. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला तेव्हा ओढ्याकाठच्या गॅरेजवाल्याला 'कल्पनाच नव्हती' असं निदान म्हणता तरी आलं असतं. आज त्याच जागी तेच उत्तर टिकणं कठीण. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली, त्यानंतर मुठेच्या काठाने गाड्या लावणाऱ्याचंही तेच. धरणातून किती पाणी सोडणार ते आधी जाहीर होतं, भिडे पूल पाण्याखाली जाणार हे शेंबडं पोरही सांगतं. अशा रात्री गिऱ्हाइकाची गाडी नदीपात्रात उभी असेल तर तो निसर्गाचा कोप कसला?

जाणकारांनी भर घालावी. 'अमक्या गॅरेजने फसवलं' छापाचे प्रतिसाद इथे नकोत.

---

बारातेरा

गॅरेजच्या बाजूने लिहितो. पेठांत किंवा कर्वेनगरला शेडमध्ये चार गाड्या मावतात, पावसाळ्यात कामाला येतात दहा. सहा बाहेर राहणार, आणि ते गिऱ्हाइकाला येताना दिसलेलं असतं. चारही काचा वर, दारं बंद, बॅटरी जोडलेली अशी धडधाकट गाडी बाहेर भिजली तर त्यात हलगर्जी कसली? ती सोसायटीतही उघड्यावरच असते.

पण उघडलेली गाडी बाहेर काढली की बाजू संपली. शेडमधली जागा कोणाला द्यायची, याचा क्रम ठरलेला पाहिजे:

पहिली, इंजिन उघडलेली. हेड उतरवलेलं किंवा इनटेक मॅनिफोल्ड काढलेलं असेल तर बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) थेंबभर पाणी गेलं तरी रात्रीत गंज धरतो, रिंगा चिकटतात. शेडमध्येसुद्धा तोंडं स्वच्छ कापडाने बंद करून वर टेप मारायची. बोळे किती कोंबले ते जॉबकार्डावर (गाडीच्या कामाची नोंद) लिहायचं, नाहीतर बसवताना एखादा आतच राहतो.

दुसरी, काच काढलेली किंवा नवी बसवलेली. पुढच्या काचेचं पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, त्यामुळे दमट हवेची भीती नाही. पण ते धरेपर्यंत गाडी हलवली, दारं आपटली किंवा पाण्याचा मारा बसला तर सील एका जागी उचलतं. त्या दिवशी कळत नाही, महिन्याने डॅशबोर्डखाली ओल येते.

तिसरी, दरवाजाचं ट्रिम (आतलं आवरण) काढलेली. ट्रिमच्या मागे प्लास्टिकचा पडदा असतो. काचेच्या फटीतून दरवाजात उतरलेलं पाणी तो खालच्या भोकांकडे वळवतो. पोरं तो फाडतात आणि तसंच ट्रिम लावतात. मग पाणी थेट फ्लोअरवर.

यानंतर पत्रा उघडा असलेल्या. त्यांच्याबद्दल पेंटवाले लिहितीलच.

ताडपत्रीला शेड समजू नका. वाऱ्याने ती घासते आणि नव्या क्लिअरवर (रंगावरचा पारदर्शक थर) ओरखडे पडतात, शिवाय मधे पाण्याचा फुगा साठून सगळं पाणी एकदम काढलेल्या काचेच्या जागेतून आत ओततं.

---

दाव्याची_तारीख

वरचं सगळं 'काळजी घेतली का' याबद्दल झालं. पण बहुतेक वादांत त्याहून सोपा मुद्दा असतो आणि तोच कोणी काढत नाही: गाडी देण्याची तारीख.

करार कायद्याचं कलम १६१. ठरल्या वेळी वस्तू परत दिली नाही आणि ते निक्षेप घेणाऱ्याच्या चुकीने झालं, तर त्या वेळेपासून पुढे वस्तू हरवली, नष्ट झाली किंवा बिघडली की तो जबाबदार. इथे 'मी काळजी घेतली होती' हा बचाव पुरत नाही. गाडी शुक्रवारी द्यायची होती, रंगारी आला नाही म्हणून राहिली आणि रविवारी वळवाच्या वादळात गुलमोहर तिच्यावर आला. झाडाला गॅरेज जबाबदार नसेल, उशिराला आहे. शुक्रवारी गाडी दिली असती तर रविवारी ती झाडाखाली नसती.

मात्र उशीर गॅरेजच्या चुकीचा हवा. तुम्ही एस्टिमेटला होकार द्यायला चार दिवस लावलेत, विमा सर्व्हेअरची मंजुरी आली नाही, किंवा 'गाडी तयार आहे, घेऊन जा' असा निरोप येऊनही गेला नाहीत, तर १६१ विसरा. तेव्हा पुन्हा १५१ वर, म्हणजे साध्या काळजीवर.

पाटीबद्दल. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा निकाल आहे. दिल्लीच्या हॉटेलात पार्किंगसाठी चावीसकट सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली होती आणि पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं होतं. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. गाडी ताब्यात दिल्याचं सिद्ध झालं की नुकसान आपल्या हलगर्जीमुळे झालं नाही हे दाखवण्याचा भार ताबा घेणाऱ्यावर. आणि स्वतःच्या हलगर्जीतून अशा छापील ओळीने सुटता येत नाही. प्रकरण हॉटेलचं आणि चोरीचं असलं तरी पाया निक्षेपाचाच, म्हणून गॅरेजच्या वादातही ते वापरता येतं.

अजून एक. पोरगा गाडी ट्रायलला म्हणून घेऊन गेला आणि नदीपात्रातून डेक्कनला चहा प्यायला उतरला, तिथे इंजिनात पाणी गेलं. हे कलम १५४. परवानगीबाहेर वापर केला की हलगर्जी होती की नव्हती हा प्रश्नच उरत नाही.

---

सदाशिव_पेठी

सगळं ठीक. पण जॉबकार्डावर तारखेपुढे 'अंदाजे' छापलेलं असतं, आणि अर्ध्या गॅरेजांत जॉबकार्डच नसतं. वहीच्या पानावर गाडीचा नंबर आणि 'ब्रेक, आवाज'. दावा लावणार कशाच्या जोरावर?

---

दाव्याची_तारीख

@सदाशिव_पेठी, 'अंदाजे बुधवार'चा अर्थ पुढचा महिना होत नाही. वाजवी मुदत धरली जाते. वहीचं पान असलं तर मोबाइलवर लिहून पाठवा: "गाडी आज ११ वाजता दिली, बुधवारी संध्याकाळी मिळेल असं ठरलं." समोरून 'हो साहेब' किंवा नुसता अंगठा आला तरी काम भागतं. बुधवार उलटला की गुरुवारी पुन्हा: "काल मिळणार होती, कधी देताय?" वादात याच दोन ओळी सगळ्यात उपयोगी पडतात.

मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा नमुना कायद्यातच आहे. फोन बदलणार असाल तर जुना ठेवून द्या.

आणि रविवारी बंद गॅरेजच्या शटरखालून चावी सरकवून गाडी दारात लावून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, गॅरेजने ताबा घेतल्याशिवाय निक्षेप होत नाही. सोमवारी शटर उघडेपर्यंत ती तुम्हीच रस्त्यावर लावलेली गाडी आहे.

---

पंचनामा

आता विम्याचं. पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी, दोन्ही) असेल तर पूर, वादळ, गारपीट, वीज, दरड हे सगळं स्वतःच्या नुकसानीच्या भागात येतं, गाडी गॅरेजात असली तरी. नुसती थर्ड पार्टी असेल तर काही नाही. अडतं ते खालच्या ठिकाणी.

एक, पॉलिसीचे शब्द गाडी आणि 'तिच्यावर असलेल्या' ॲक्सेसरीज असे आहेत. सीट, म्युझिक सिस्टीम, बंपर काढून कोपऱ्यात ठेवलेले आणि ते पाण्यात गेले तर कंपनी वाद घालू शकते. तो हिशोब गॅरेजकडेच मांडावा लागतो. म्हणून काढलेल्या भागांची यादी आणि फोटो हवेतच.

दोन, पाणी शिरलेली गाडी कोणी सेल्फ मारून बघितली आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते परिणामी नुकसान (थेट पुराने नव्हे, नंतरच्या कृतीने झालेलं) म्हणून नाकारतात. इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतलेलं असलं तर गोष्ट वेगळी, पण त्याच्याही अटी वाचा. हे सेल्फ मारणं बहुतेक वेळा गॅरेजातच घडतं, 'बघू चालू होते का' म्हणून. म्हणजे पुराला कोणी जबाबदार नसलं तरी इंजिनाला गॅरेज जबाबदार ठरू शकतं. दोन नुकसानी वेगळ्या मांडा.

तीन, दावा कळवताना गाडी कुठे होती ते खरं लिहा. गॅरेजवाला म्हणतो 'घरासमोर होती असं सांगा, लवकर पास होईल'. असं अजिबात करू नका. खोट्या माहितीवर अख्खा दावा जातो, आणि गॅरेजविरुद्धचा मुद्दा तुम्हीच मारून टाकता.

चार, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. पैसे दिल्यावर गॅरेजकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क विमा कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच गॅरेजशी 'दहा हजार मिळाले, आता काही तक्रार नाही' असं लिहून मोकळे झालात तर कंपनीची वसुली तुम्ही बुडवली, आणि ती तुमचा दावा अडवू शकते. आधी कंपनीला विचारा, मग तडजोडीवर सही करा.

---

मेट्रोखालचा

विम्यातून पैसे मिळाले तर गॅरेजकडे मागायला उरतं काय? दोन्हीकडून तर घेता येणार नाही.

---

पंचनामा

तेच नुकसान दोनदा नाही, पण विम्याने न दिलेलं मागता येतं आणि ते कमी नसतं.

घसारा: रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के कापतात. काचेवर शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असेल तर हा भाग बराच वाचतो. सक्तीची वजावट (दाव्यातला तुम्हीच सोसायचा भाग) १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यातली सूट: शिडी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी आहे. ५० टक्क्यांवर असताना दावा केला की पुढच्या वर्षी शून्य. परत ५० वर पोचेपर्यंत प्रत्येक वर्षीचा फरक ५०, ३०, २५, १५ आणि ५, बेरीज १२५ टक्के. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनस धरण्याआधी १०,००० असेल आणि तो तसाच राहील असं धरलं तर १२,५०० रुपये गेले. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. बोनस प्रोटेक्ट घेतलं असेल तर हे धरू नका.

शिवाय टोइंग आणि गाडी नसताना भाड्याने केलेला प्रवास. प्रत्येकाची पावती हवी, 'मानसिक त्रास १ लाख' लिहून पोट भरत नाही.

---

क्लिअरकोट

रंगकामाच्या गाड्यांबद्दल, कारण इथे नुकसान लगेच दिसत नाही.

उघडा पत्रा पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होतो. वरचेवर हात फिरवून त्यावर प्राइमर मारला तर सहा महिन्यांत खालून फुगे. पुन्हा पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी प्राइमर मारायचा, दुसरा उपाय नाही.

पुटी (खळगे भरायचा लेप) आणि सरफेसर (रंगाआधीचा थर) पाणी पितात. सरफेसर मारलेली गाडी भिजली तर वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. ती पूर्ण वाळवल्याशिवाय बेसकोट मारला की ऊन लागल्यावर बारीक पुळ्या येतात. गॅरेज 'मटेरियल खराब निघालं' सांगतं. पुळी सुईने फोडून बघा, खाली पुटीचा थर असेल तर ओल हे पहिलं संशयाचं कारण.

ताज्या टू-के (हार्डनर मिसळलेल्या) क्लिअरवर पहिल्या काही तासांत पाऊस पडला तर गोल डाग बसतात. वरवरचे असले तर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने घासून कंपाउंडने निघतात, खोल गेले असले तर पॅनेल पुन्हा. बूथमध्ये (रंगकामाच्या बंद खोलीत) ६० अंशांवर अर्धा तास भाजलेल्या गाडीला ही भीती जवळपास नसते, म्हणून रंग बूथमध्ये की उघड्यावर, हे गाडी देतानाच विचारा.

गारपिटीचे पोचे घाईघाईने पुटीने भरू देऊ नका. रंग तडकलेला नसेल तर पत्रा मागून ढकलून मूळ रंग राखता येतो.

---

नळस्टॉप

@बारातेरा, गाडी ताब्यात घेताना आत पाणी येऊन गेलंय की नाही ते कसं ओळखायचं? धुऊन, अत्तर मारून देतात.

---

बारातेरा

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटपर्यंत. धुणारा पोरगा पट्ट्याचा बाहेरचा भाग पुसतो, गुंडाळीतल्या भागावर मातीची रेघ राहते.

मॅट काढून चारही पायांजवळच्या कार्पेटवर तळहात जोरात दाबा. वरचं कापड दिवसभरात वाळतं, खालच्या फेल्टला आठवडा लागतो. मग स्टेपनीचा खड्डा. सीटच्या रुळाचे बोल्ट आणि पॅडलच्या वरचा सांधा, तिथे ताजा तांबडा गंज दिसला तर पाणी तिथपर्यंत होतं. डॅशखालचा एखादा कपलर (वायरींचा जोड) उघडायला सांगा, पिन हिरवट असल्या तर वायरिंग पुढे त्रास देणार. एअरबॅगचं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या आसपास फ्लोअरलाच असतं, म्हणून नुसतं कार्पेट भिजण्याइतक्या पाण्यातही तो दिवा लागू शकतो.

डिपस्टिक ओढून ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर गाडी चालू करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ट्रॉलीवर घालून न्या, प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा. गिअरबॉक्सचं ऑइलही बदला, ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या भोकातून) पाणी तिथेही जातं.

आणि प्रत्येक ओलीचा दोष पुराला देऊ नका. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकून निचरा तुंबला की पाणी ब्लोअरमधून डावीकडच्या फ्लोअरवर येतं. ते घरीही झालं असतं. उजवीकडे कोरडं आणि डावीकडेच ओलं असेल तर आधी ती जाळी बघा.

---

दाव्याची_तारीख

यापैकी काहीही दिसलं तर तिथेच व्हिडिओ काढा. गेटपासवर किंवा समाधानपत्रावर कोरी सही करू नका, 'आत पाणी आढळले, हरकत राखून ताबा घेतला' असं हाताने लिहा.

बिलावरून गाडी अडवली तर? केलेल्या दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क गॅरेजला आहे (कलम १७०). तुमचा भरपाईचा दावा आहे म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही. भांडत बसून गाडी आणखी महिनाभर ओली ठेवण्यापेक्षा 'हरकत राखून' असं लिहून ऑनलाइन पैसे भरा आणि गाडी बाहेर काढा.

त्यानंतर दुसऱ्या वर्कशॉपकडून लेखी तपासणी अहवाल आणि एस्टिमेट घ्या. दुरुस्ती त्यानंतरच. आधी दुरुस्ती केली तर पुरावा तुमच्याच हाताने गेला. झाड पडलं असेल तर अग्निशमन दलाकडे वर्दीची नोंद असते, तिचा दाखला मागा. पावसाचे आकडे हवामान खात्याकडून घ्या, आणि गॅरेजजवळच्या केंद्राचे. शिवाजीनगरला झिमझिम आणि लोहगावला ढगफुटी हे पुण्यात नेहमीचं आहे.

मग नोटीस. वकिलाकडूनच पाहिजे असं नाही. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, १५ दिवसांची मुदत. कधी दिली, कधी मिळायची होती, कधी मिळाली, काय बिघडलं, आकडा किती. उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही होते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ही रक्कम म्हणजे दुरुस्तीचं बिल, गाडीची किंमत नव्हे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून बघा, नाव सांभाळणारी वर्कशॉपं तिथेच मिटवतात.

टॅक्सीच्या गाड्यांचा ताफा असेल तर व्यावसायिक वापराचा आक्षेप येईल. एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणारा त्यातून वगळलेला आहे.

---

सदाशिव_पेठी

@बारातेरा, आणि चांगल्या गॅरेजवाल्याने स्वतःला वाचवायचं कसं? एक फॉर्च्युनर बुडाली तर त्याचं दुकान बसेल.

---

बारातेरा

मोटर ट्रेडची 'इंटर्नल रिस्क' पॉलिसी असते, आवारात असलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी. दुकानाच्या साध्या आगीच्या पॉलिसीत दुसऱ्यांचा विश्वासाने ठेवलेला माल वेगळा लिहून घेतल्याशिवाय येत नाही, आणि बहुतेकांनी तो लिहिलेला नसतो. गाडी ट्रायलला रस्त्यावर नेली की त्याची 'रोड रिस्क' वेगळी.

जॉबकार्डावर 'आमची जबाबदारी नाही' छापण्यात शाई घालवू नका. त्याऐवजी लिहा: 'गाडी उघड्यावर राहील, ग्राहकास सांगितले', 'सनरूफमधून आधीपासून गळती', 'तयार असल्याचे कळवले, तारीख, वेळ'. पुढे गाडीचा नंबर आणि सही. पुराचा इशारा आला की गाड्या वर काढल्याचे फोटो काढून ठेवा. गिऱ्हाइकाला फोन करून 'चालू स्थितीत आहे, आजच घेऊन जा' सांगितलं तर तोच निरोप मेसेजनेही पाठवा. आणि शेडवर फांदी लोंबत असेल तर मे महिन्यातच पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज टाका. परवानगीशिवाय तोडू नका, पण अर्जाची पोच फाइलला लावून ठेवा.